वाफसा आणि लगाम

मेहकर म्हटलं की लोकांना शारंगधर बालाजी आठवतो, फार तर जवळचं लोणारचं सरोवर. घोड्यांची रेस कुणालाच आठवत नाही, आणि त्यात काही वावगंही नाही. इथून पुण्याचं रेसकोर्स साडेतीनशेहून जास्त किलोमीटर दूर, मुंबईचं महालक्ष्मी त्याहून लांब. तरीही रेसवर मराठीत सविस्तर लिहायचं ठरलं, तेव्हा सुरुवात मेहकरच्या वावरापासूनच होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. रेस कळायला जो एक शब्द लागतो तो मी इथे शिकलो. तो शब्द म्हणजे वाफसा.

शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकाला तो समजावून द्यायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. जमिनीत ओल आहे पण पाणी साचलेलं नाही, मातीच्या कणांमधून हवा खेळते आहे, पाय टाकला तर तो रुततही नाही आणि आपटतही नाही, अशी जी जमिनीची अवस्था तो वाफसा. पैनगंगेच्या अंगाला आमची काळी, खोल जमीन. माळाकडे निघालं की हलकी, मुरमाड. दोन्हींवर पाऊस एकाच रात्री, सारखाच पडतो. पण मुरमाडात दुसऱ्या दिवशी पाभर घालता येते आणि काळीत चार-चार दिवस पाय ठेवता येत नाही. पेरणीच्या दिवसांत बाबा भल्या सकाळी धुऱ्यावरून चालत जायचे, मूठभर माती उचलून दाबायचे, मग बोटांनी चुरून बघायचे. परत येऊन एवढंच म्हणायचे, "अजून नाही." कधी म्हणायचे, "आज." घरातल्या कुणी त्यावर वाद घातल्याचं मला आठवत नाही.

पुढे पोटापाण्यासाठी पुण्यात राहिलो. एका पावसाळी दुपारी एम्प्रेस गार्डनजवळच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा गेलो आणि तिथे रेसच्या माहितीत घोड्यांच्या नावांबरोबर जमिनीचाही एक आकडा छापलेला पाहिला. चौकशी केल्यावर कळलं, तो पेनेट्रोमीटरचा आकडा. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं, लोखंडी टोक मातीत किती खोल उतरतं ते मोजायचं, ट्रॅकवर अनेक ठिकाणी हे करून सरासरी काढायची. बाबांची मूठ आणि हे यंत्र एकच काम करत होते. त्या दिवसापासून रेस माझ्यासाठी घोड्यांपासून सुरू होत नाही, जमिनीपासून होते. या पुस्तकाचं म्हणणंही तेच आहे. कोणता घोडा वेगवान, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या जमिनीवर, आणि त्या जमिनीला ओळखून त्याची ताकद कुणी कशी खर्च केली, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

हे आपल्या माणसाला परकं नाही. वऱ्हाडात शंकरपट आहे, बैलजोड्यांची शर्यत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर दूरदूरच्या बैलजोड्यांना ओढून आणतो. पटाच्या आधी जमीन सपाट करतात, ढेकळं फोडतात, दगड वेचतात, पाणी मारून दाबतात, आणि धुरकरी जोडी जुंपण्याआधी तो पट्टा पायाखाली घालून येतो. घड्याळावरच्या पटात निकाल सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर लागतो, तिथे मऊ राहिलेला एक तुकडा जोडीचं सारं वर्ष वाया घालवू शकतो. 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे सगळं थांबलं होतं. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. राज्याच्या नियमांत धुरकऱ्याच्या हातात काठी-चाबूक नको असं आहे, तसंच खडकाळ, चिखलाच्या, पाणथळ किंवा तीव्र उताराच्या जागी शर्यत नको असंही आहे. जनावराच्या जिवाचा प्रश्न आधी जमिनीचा प्रश्न आहे, हे तिथे कागदावर आलं, याचं मला समाधान वाटतं.

आता घोड्याकडे येतो. घोडाही आम्हाला नवा नाही. घोडदळाचे सरदार लखुजी जाधवराव यांचं सिंदखेड राजा आमच्या शेजारी आहे. पण ट्रॅकवर धावणारा थरोब्रेड ही वेगळी जात. तीन आयात घोड्यांपासून इंग्लंडात तिची वंशावळ सुरू झाली आणि तिला एकाच गोष्टीसाठी घडवलं गेलं: मैल-दीड मैलाच्या अंतरात सगळं देऊन टाकणं. भरधाव थरोब्रेड एका ढांगेत सात मीटरच्या आसपास जमीन कापतो, सेकंदाला दोनांहून जास्त ढांगा. त्याचा श्वास ढांगेला बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी तो धावताना रक्तात सोडतो आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या पुढे जातं. पावणेपाचशे-पाचशे किलोचं हे शरीर एका क्षणी एकाच पायावर असतं, तेव्हा त्या पायावर त्याच्या वजनाच्या अडीच पटीइतका भार येतो. म्हणजे हजार किलोच्या वर, एका खुरावर. हा भार घेणारी दुसरी बाजू म्हणजे जमीन.

ती कडक असेल तर खूर आत जात नाही, दणका हाडांत चढतो. वेळ चांगली लागते, पायांचं आयुष्य कमी होतं. जमीन फार मऊ असेल तर खूर रुततो, प्रत्येक ढांगेला तो उपसून काढावा लागतो, स्नायूबंधांवर ताण येतो, घोडा लवकर थकतो. मधली अवस्था, जिथे गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि खूर थोडा आत जाऊन परत उसळी घेतो, तोच रेसकोर्सचा वाफसा. इंग्रजी रेसिंगमध्ये त्याला नुसतं 'गुड' म्हणतात. मला आपला शब्द अधिक अचूक वाटतो, कारण त्यात ओल, हवा आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत.

महाराष्ट्रात या विषयाची एक खास गंमत आहे आणि तिच्याचसाठी हे पुस्तक इथल्या रेसवर उभं केलं. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब वर्षात दोन मोसम चालवतो. महालक्ष्मीचा मोसम हिवाळा-उन्हाळ्याचा, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. पुण्याचा ऐन पावसाळ्यात, जुलैपासून पुढे. पुण्याचं रेसकोर्स 1830 चं, महालक्ष्मीचं 1883 चं. घोडे बहुतांश तेच, जॉकी तेच, ट्रेनर तेच, नियम तेच. दोन्ही ठिकाणी धाव उजव्या हाताला वळणारी. बदलतं ते आकाश. महालक्ष्मीला पाणी द्यावं लागतं, म्हणजे तिथली ओल बरीचशी माणसाच्या हातात असते. पुण्याला पाणी आपोआप येतं आणि विचारून येत नाही. पहिली रेस ज्या जमिनीवर होते त्या जमिनीवर शेवटची होतेच असं नाही. फेब्रुवारीत महालक्ष्मीला सगळ्यांची वाहवा मिळवलेला घोडा ऑगस्टमध्ये पुण्यात मागे पडतो, लोक म्हणतात घोडा उतरला. पुष्कळदा घोडा उतरलेला नसतो, त्याची जमीन त्याला मिळालेली नसते. उलट, रुंद खुरांचा, पाय उंच उचलणारा एखादा साधा घोडा चिखलात सगळ्यांना मागे टाकतो आणि कोरड्यात परत नावाशिवाय राहतो.

इथे एक वाचनदोष मला स्वतःला फार दिवस होता, तो मोकळेपणानं सांगतो. मी वेळा जुळवत बसायचो. बाराशे मीटर इतक्या सेकंदांत, गेल्या महिन्यात तितक्या, म्हणजे घोडा सुधारला किंवा बिघडला. पण वेळ ही घोड्याची एकट्याची नसतेच. ओल्या जमिनीत सगळ्यांच्याच वेळा वाढतात. शिवाय फॉल्स रेल असते. आतल्या कडेचं गवत खुरांनी उखडलं की क्लब कठडा काही मीटर बाहेर सरकवतो, म्हणजे खराब पट्ट्याला विश्रांती मिळते. कठडा तीन मीटर बाहेर गेला की अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर कठड्याला लागून धावणाऱ्यालाही नऊ मीटरहून जास्त धाव वाढते. अंतराची पाटी तीच, धाव वेगळी. आकडा खोटा नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

हेच गणित जॉकीच्या डोक्यात असतं, फक्त त्याला ते ताशी साठ किलोमीटरच्या वेगात, डोळ्यांत चिखल उडत असताना सोडवायचं असतं. वळणावर एक मीटर बाहेरून गेलं की अर्ध्या वर्तुळात तीन मीटरहून थोडी जास्त धाव पडते. घोड्याची एक लांबी धरतात ती सुमारे अडीच मीटर. म्हणजे दोन घोड्यांच्या बाहेरून वळण घेणारा शेवटच्या सरळ पट्ट्याला लागतो तेव्हाच दोन-तीन लांब्या हरलेला असतो. कोरड्या दिवशी म्हणून सगळे आतली कड धरतात. पण पावसानं आतली कड दलदलीची झाली असेल, तर हाच शहाणपणा उलटतो. मग जो जॉकी जाणूनबुजून बाहेर काढतो, चार मीटर जास्त धावून कमी तुडवलेल्या गवतावर येतो, तो जिंकतो. आणि बाहेर किती जायचं? जास्त गेलं तर अंतर खातं, कमी गेलं तर चिखल. हा निर्णय कुणी कागदावर देऊ शकत नाही. त्यासाठी त्या सकाळी ट्रॅक चालून यावा लागतो, आणि आधीच्या रेसमध्ये कोणाचा घोडा कुठे घसरला ते लक्षात ठेवावं लागतं. धुऱ्यावरून चालणारे माझे बाबा मला इथे दर वेळी आठवतात.

वळणाची आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी प्रेक्षकांच्या नजरेतून बहुधा सुटते. उजवीकडे वळताना घोडा उजवा पुढचा पाय आघाडीला ठेवून धावतो, नाहीतर त्याचा तोल जातो. सरळ पट्ट्याला लागला की त्यानं पाय बदलला पाहिजे. डावा आघाडीला आला की दमलेल्या बाजूला थोडी उसंत मिळते. चांगला जॉकी वजनाच्या हलक्याशा सरकण्यानं आणि लगामाच्या इशाऱ्यानं हा बदल नेमक्या ढांगेला करवून घेतो. ओल्या जमिनीत घोडा बदलायला कचरतो. शेवटच्या दोनशे मीटरांत जो घोडा अचानक 'नव्यानं निघाला' असं वाटतं, त्यानं कित्येकदा एवढंच केलेलं असतं.

डावपेच हा शब्द ऐकला की लोकांना कारस्थान आठवतं. माझ्या दृष्टीनं तो मुख्यतः काटकसरीचा शब्द आहे. घोड्याकडे पूर्ण वेगाची पुंजी थोडी असते, काही शे मीटरांपुरती. ती कधी मोडायची एवढाच प्रश्न. पुढे राहणाऱ्याला मोकळी वाट मिळते, चिखल अंगावर उडत नाही, पण वाराही त्यालाच फोडावा लागतो. दुसऱ्याच्या मागे आडोशाला राहणाऱ्याची ताकद वाचते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी धावत्या घोड्यांच्या नोंदींवरून 2012 मध्ये हा फायदा दाखवून दिला. पण आडोशाला राहिलेला घोडा ऐन वेळी समोरच्यांच्या भिंतीमागे कोंडला जातो, आणि वाट उघडेपर्यंत रेस संपलेली असते. पुढे जाऊन वेग मुद्दाम मंद ठेवणारा, सगळ्यांना आपल्या चालीत बांधून शेवटी निसटणारा जॉकी मला सगळ्यांत हुशार वाटतो, कारण तो इतरांची पुंजीसुद्धा स्वतःच्या हिशेबानं खर्च करतो. ओल्या दिवशी पुढे असण्याची किंमत वाढते. मागून येणाऱ्याला तुडवलेल्या, खड्डे पडलेल्या जमिनीतून तीच उडी घ्यायची असते, आणि ती कोरड्यातल्यासारखी बसत नाही.

उधळपट्टीचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 9 जून 1973 चं आहे, न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवरचं. सेक्रेटेरिएट आणि शॅम हे दोन घोडे सुरुवातीपासून गळ्यात गळा घालून इतक्या वेगानं सुटले की दीड मैलाच्या रेसमध्ये तो वेग वेडेपणाचा वाटावा. शॅमसाठी तो तसाच ठरला. पहिल्यापासून दुसऱ्या क्रमांकावर असलेला तो घोडा शेवटचा आला. सेक्रेटेरिएट मात्र थांबलाच नाही, 2 मिनिटं 24 सेकंदांत, 31 लांब्यांनी जिंकला. लोक सेक्रेटेरिएटची गोष्ट सांगतात. जॉकीच्या कामाचा विचार करताना मी शॅमकडे बघतो. तो वाईट घोडा नव्हता, त्या वर्षीच्या केंटकी डर्बीत दुसरा आलेला होता. त्या दिवशी पुंजी चुकीच्या मैलात मोडली गेली.

बसण्याची ढबसुद्धा डावपेचाचाच भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जॉकी लांब रिकिबीत, ताठ बसायचे. टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी 1897 मध्ये इंग्लंडला गेला तो आखूड रिकिबीत, घोड्याच्या मानेवर ओणवा. लोक हसले, आणि मग सगळ्यांनी तीच ढब उचलली. 2009 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं त्यामागचं कारण मांडलं: ओणवा जॉकी गुडघे आणि घोट्यांवर स्वतःला तोलून धरतो, त्याचं शरीर घोड्याच्या वरखाली होण्याबरोबर हलत नाही. घोडा वजन वाहतो, पण ते प्रत्येक ढांगेला ढकलत नाही. ही ढब रूढ झाल्यानंतर रेसच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. अर्थात ती ढब टिकवणं म्हणजे मिनिट-दोन मिनिटं मांड्यांच्या जोरावर ओणवं लटकणं, आणि तेही निसरड्या जमिनीवर, जिथे घोड्याचा एक पाय चुकला तर धरायला काहीच नसतं. 1979 मध्ये महालक्ष्मीवर घोडा कोसळून जखमी झालेला कार्ल उमरीगर वाचला नाही. मुंबईचा सगळ्यांत चमकदार जॉकी, वयाची विशीही ओलांडली नव्हती. जमीन तपासायला सकाळी निघणाऱ्या माणसांचं काम किती मोलाचं आहे हे समजून घेताना मी हे नाव विसरू शकत नाही.

इंडियन डर्बी 1943 पासून धावते, फेब्रुवारीत महालक्ष्मीवर, 2400 मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची. पेसी श्रॉफ यांनी ती जॉकी म्हणून आठ वेळा जिंकली. आठ वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या स्वभावाच्या घोड्यांवर तेच नाव येतं तेव्हा नशीब या शब्दापाशी थांबता येत नाही. पांडू खाडे यांचं नाव जुन्या मुंबई-पुण्याच्या रेसप्रेमींकडून आजही ऐकू येतं. हे मराठी नाव टर्फवर एवढं मोठं झालं, तरी मराठीत या कलेवर किती थोडं लिहिलं गेलं, याची मला खंत आहे. आपल्याकडे कुस्तीतल्या डावाला नाव आहे, पटातल्या जोडीला नाव आहे, लावणीतल्या अदेला नाव आहे. जॉकीच्या हाताला मात्र आपण शब्द दिले नाहीत.

पैजेबद्दलही इथेच बोलून टाकतो. रेसकोर्सवर पैसे लागतात, आणि त्यात घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. पुण्यात माझ्या ओळखीच्या एका माणसानं गावाकडची जमीन विकून आलेले पैसे दोन मोसमांत घालवले. त्याच्या घरच्यांसमोर बसून आलेल्या माणसाला या विषयावर हलकं बोलता येत नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असा निर्वाळा दिला. त्या निकालाचा आधार देऊन पैज लावा म्हणणारे भेटतात. मी तो निकाल वेगळ्या कारणासाठी वाचतो. न्यायालयानं घोड्याचं वाण, त्याची तयारी, जॉकीचा हात या गोष्टी विचारात घेतल्या, आणि त्यांचा नीट अभ्यास करता येतो हे मान्य केलं. हे पुस्तक त्या अभ्यासासाठी आहे. कोणत्या घोड्यावर पैसे लावावे हे यात कुठेही सापडणार नाही.

भाषेविषयी थोडं. जॉकी, ट्रेनर, रेल, हँडिकॅप, गेट हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण तबेल्यातला मराठी माणूसही तेच बोलतो. पण जिथे आपला शब्द जास्त नेमका आहे तिथे तोच वापरला. रिकीब, लगाम, मोतद्दार, खूर, ढांग. जमिनीच्या बाबतीत तर मी मेहकरचे शब्द बिनदिक्कत आणले आहेत. चिबड जमीन, भुसभुशीत, टणक, आणि अर्थात वाफसा. पेनेट्रोमीटरचा आकडा वाचताना ज्याला त्यातली जमीन डोळ्यांसमोर दिसत नाही, त्याच्यासाठी तो नुसता आकडा राहतो. ज्यानं कधीतरी काळ्या मातीतून अनवाणी चालून पाहिलं आहे, तो पाच मिनिटांत तज्ज्ञ होतो, हे मी पुण्यात मेहकरच्या पाहुण्यांना ट्रॅक दाखवताना अनेकदा अनुभवलं. एका काकांनी कठड्याशी उभं राहून लांबूनच सांगितलं, "आतल्या बाजूनं पाणी मुरलेलं नाही, चमकते आहे बघ." पुढच्या रेसमध्ये सगळे घोडे बाहेरून आले.

पहिलं प्रकरण म्हणून गवताचं आहे. जातिवंत घोडे, नामांकित जॉकी, डर्बीच्या दुपारी हे सगळं नंतर येईल. आधी गवत किती उंच कापतात, मुळं किती खोल जातात, आणि रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी ट्रॅकवर पहिला माणूस कुठून चालायला सुरुवात करतो, तिथून निघू.